घर हलवताना अल्ट्रा धावायची असेल तर

कॉम्रेड्स मॅरेथॉन ही दक्षिण आफ्रिकेतली अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनच्या ४२ किलोमीटरांहून लांब शर्यत, असते जूनमध्ये, आणि आपल्याकडे घरं हलतात ती एप्रिल-मेमध्ये, परीक्षा संपल्या की शाळा उघडायच्या आत. माझ्या वाट्याला दोन्ही एकाच वर्षी आलं. सासूबाईंना एकटं ठेवणं शक्य राहिलं नव्हतं, म्हणून मुलुंडचं एकोणीस वर्षांचं बिऱ्हाड आवरून आम्ही कायमचे सांगलीला आलो. सामान उतरल्यावर सात आठवड्यांनी मी डर्बन ते पीटरमारित्झबर्ग धावले, ११ तास ३८ मिनिटांत. वेळेची मर्यादा १२ तासांची आहे.

ज्यांना ही शर्यत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पहिल्या महायुद्धात गेलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ व्हिक क्लॅपहॅम या सैनिकाने १९२१ साली ती सुरू केली. अंतर साधारण ८६ ते ९० किलोमीटरच्या दरम्यान. साधारणपणे एका वर्षी डर्बनच्या किनाऱ्याकडून वर, तर दुसऱ्या वर्षी वरून खाली. मी धावले ती चढाची. वाटेत पाच मोठ्या टेकड्या: काउइज हिल, फील्ड्स हिल, बोथाज हिल, इंचांगा आणि अगदी शेवटी पॉली शॉर्ट्स.

पुढे लिहिलंय ते कुठल्याही अल्ट्राला लागू पडेल, सिंहगड-राजगड-तोरणा असो की लोणावळ्याची ५० किलोमीटरची. घर बदलणं असेल, बदली असेल किंवा देश सोडून जाणं असेल, तरी हिशेब तोच राहतो.

खातं एकच

सॅम्युएल मारकोरा या संशोधकाचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००९ सालचा एक प्रयोग मला घर हलवायच्या आधी माहीत असता तर बरं झालं असतं. त्यांनी १६ जणांना ९० मिनिटं संगणकासमोर डोकं शिणवणारं काम दिलं आणि लगेच सायकलवर दमेपर्यंत पॅडल मारायला लावलं. वेगळ्या दिवशीच्या फेरीत त्याच माणसांना कामाऐवजी ९० मिनिटं साधा माहितीपट दाखवला. माहितीपट पाहून बसले तेव्हा ते सरासरी ७५४ सेकंद टिकले, डोकं शिणल्यावर ६४० सेकंद. हृदयाचे ठोके, रक्तातलं लॅक्टेट (जोरदार व्यायामात वाढणारा घटक) यांत म्हणावा असा फरक नव्हता. पाय तेच होते, पण पहिल्या मिनिटापासून काम जड वाटत होतं.

आता स्वतःचे शिफ्टिंगचे महिने आठवा. सोसायटीचं ना-हरकत पत्र, गॅसचं कनेक्शन, बँकेचा पत्ता, कुठलं कपाट न्यायचं आणि कुठलं विकायचं, मुलाचा रुसवा. ही ९० मिनिटं नाहीत, ९० दिवस आहेत. त्यात ओझी उचलणं आणि अपुरी झोप. हे सगळं जातं त्याच खात्यातून, ज्यातून लाँग रन जातो. म्हणून तयारीचा तक्ता करताना घर हलवणं त्याच तक्त्यात लिहायचं.

तारखा आधी बांधा

कॅलेंडरवर शर्यतीचा दिवस मांडा आणि मागे मोजत या. शेवटचे तीन आठवडे टेपरचे, म्हणजे धावणं कमी करत नेण्याचे. तिथे ट्रक येता कामा नये. विश्रांतीचे दिवस आहेत तर सामान बांधू, असं वाटतं, आणि तीच सर्वात महाग चूक असते. त्याच्या मागचे दोन आठवडे सर्वात लांब धावेचे. ट्रकची चांगली जागा त्याच्याही आधी, शर्यतीच्या सहा ते आठ आठवडे अलीकडे. तो आठवडा तक्त्यात हलका आठवडा म्हणून लिहा.

आमचं मूळ ठरलं होतं मे महिन्याच्या शेवटी. मुलाची दहावी मार्चमध्येच संपली होती आणि शाळेचा दाखला काही निकालाआधी मिळणार नव्हता, म्हणून आम्ही सरळ एप्रिलच्या मध्यावर आलो. दोन महिन्यांचं घरभाडं एकावर एक भरावं लागलं. तो खर्च मी शर्यतीच्या खर्चात धरला, आणि तो योग्य होता.

परदेशातली शर्यत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: व्हिसासाठी पासपोर्ट बरेच दिवस हातात नसतो आणि नेमका तेव्हाच भाडेकरार, नवं सिम, बँक यांना ओळखपत्र लागतं. आधार आणि पॅन त्यासाठी वेगळे ठेवा. पासपोर्टवरचा पत्ता बदलायचं काम शर्यतीनंतर. विमान बदलायला आफ्रिकेतल्या पीतज्वर असलेल्या देशात उतरणार असाल तर लसीच्या कार्डाचा नियम तपासा. ते कार्ड लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य धरलं जातं, म्हणजे हेही आदल्या आठवड्याचं काम नाही.

धावणं किती ठेवायचं

आठवड्याला पाच धावा जमत असतील तर शिफ्टिंगच्या महिन्यात तीन ठेवा. त्यातली लांब धाव सोडू नका, बाकी दोन कितीही लहान चालतील. आठ-दहा दिवस धावणं बंद पडलं तरी कमावलेला दम वाहून जात नाही. उलट चुकलेल्या धावा पुढच्या आठवड्यात भरून काढणारे लोक जायबंदी होतात. चुकली ती चुकली.

सामान बांधायच्या आणि उतरवायच्या दिवशी धावायचं नाही. ते दिवस दोन तासांच्या धावेइतके धरा. त्यांच्या आधी दोन आणि नंतर दोन दिवस लांब धाव नको, कारण ओणवं होऊन खोके उचलल्यावर कंबर आणि मांड्यांचा मागचा भाग आखडलेला असतो. जड सामानाला हमाल लावा. फ्रिज स्वतः उचलून चारशे रुपये वाचवण्याचा हा महिना नाही.

नव्या गावात पहिल्या आठवड्यातच तीन जागा हेरा: रोजचा सपाट रस्ता, चढ, आणि जिथे मध्ये पाणी मिळेल असा लांब रस्ता. मुलुंडला असताना मला येऊरचे चढ हाताशी होते. सांगली सपाट. आयर्विन पुलापर्यंत जाऊन यायचं आणि रविवारी मिरजेपुढच्या दंडोबाच्या डोंगरावर, असं बसवलं. चढ अजिबात नसेल तर जिने आहेत. आणि उतारसुद्धा सरावात हवा, कारण मांड्या फुटतात त्या उतारावर.

घरच्यांशी हे आधीच बोलून ठेवा, नाहीतर खोक्यांनी भरलेल्या घरातून पहाटे साडेचारला बाहेर पडताना पाय उचलत नाही. आमच्याकडे ठरलं होतं की रविवार सकाळी दहापर्यंत माझा, त्यानंतर मी घराची. दहाचा ठोका मी पाळायचे, म्हणून पहाट मला मिळायची. पहिल्याच रविवारी तीस किलोमीटर करून आले आणि उभ्याउभ्या पोहे खात खोका उघडायला घेतला, तर सासूबाई म्हणाल्या, “अगं, बसून खा की चार घास. भांडी काय पळून जात्यात?” तेव्हापासून धावून आल्यावरचा अर्धा तास बसून खाण्याचा, हाही नियम झाला.

ट्रकमध्ये न जाणारी पिशवी

आमचा ट्रक दोन दिवस उशिरा आला. त्यात माझे पायात बसलेले बूट होते, कारण घाईत मी ते चपलांच्या खोक्यात टाकले होते. त्या दोन दिवसांनी विशेष बिघडलं नाही, पण हेच शर्यतीच्या तोंडावर झालं असतं तर नवे बूट घालून ८७ किलोमीटर जावं लागलं असतं.

म्हणून एक पिशवी स्वतःच्या मांडीवर. त्यात शर्यतीचे बूट, दोन जोड मोजे, वापरून मऊ झालेले कपडे, घड्याळ आणि त्याचा चार्जर, व्हॅसलिन, पासपोर्टाची प्रत, नेहमीची औषधं. आणि स्वतःची उशी. नव्या घरातली पहिली आठवडाभर झोप उशीवर अवलंबून असते. गाद्या आणि पडदे लावायचं काम स्वयंपाकघराच्याही आधी करा.

शेवटचे तीन आठवडे

एक वही घ्या. पहिल्या पानावर लिहा ‘जूननंतर’. गॅसची बदली, मतदार यादी, माळ्यावरचं सामान, भिंतीला रंग, जे जे शर्यतीनंतर केलं तरी चालेल ते सगळं त्या पानावर. लिहिलं की डोक्यातून उतरतं, आणि झोप लागते. माझ्या पानावर एकतीस कामं होती.

या दिवसांत नवे निर्णय घेऊ नका. शर्यतीची पहाटही निर्णयाविना जायला हवी: काय खायचं, किती वाजता, कुठल्या खिशात काय, हे सगळं आदल्या आठवड्यात कागदावर. ताप, अंगदुखी, छातीत कफ असेल तर शर्यत सोडायची, हेही आत्ताच ठरवून घरच्यांना सांगून ठेवा. तापात लांब धावणं हृदयावर बेततं. त्या दिवशी हॉटेलात बसून हा निर्णय तुमच्या हातून होणार नाही.

शर्यतीत पहिला प्रश्न: हा थकवा कुठला?

आपण सगळ्याला ‘दमलो’ असा एकच शब्द वापरतो. पण अल्ट्रामध्ये निदान पाच वेगळे थकवे येतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. जिद्दीने रेटून नेण्यासारखा त्यातला एकच आहे. बाकीचे रेटले तर ते तुम्हाला आडवं करतात. म्हणून अवसान गळायला लागलं की आधी चालायला लागा आणि चालता चालता तपासा.

पहिला, पोटाचा. शरीरात साखरेचा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे जेमतेम २,००० कॅलरी. धावताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी खर्च होते. माझं वजन ५८ किलो, म्हणजे ८७ किलोमीटरला पाच हजारांवर. उरलेल्यातली काही चरबीतून येते, काही तोंडातून आली पाहिजे. याची खूण पायांत नसते, मनात असते. उगाच रडू येतं, सोबतच्या माणसाचा राग येतो, साधी वजाबाकी जमत नाही. इंचांगा ओलांडल्यावर कॅटो रिजच्या बाजूला झाडं विरळ होतात, रस्ता उघडा आणि लांबच लांब. तिथे मला एकाएकी वाटलं की मुलुंडचं घर सोडून आपण फार मोठी चूक केली. इतकं खरं वाटलं की डोळे भरले. मग मनगटावरची चिठ्ठी पाहिली: शेवटचं खाल्लं त्याला पन्नास मिनिटं झाली होती. पेलाभर कोला आणि मीठ लावलेले दोन उकडलेले बटाटे खाल्ले, दहा मिनिटं चालले, आणि घर पुन्हा जागच्या जागी आलं. शर्यतीत आयुष्याबद्दल काही वाईट सुचलं तर आधी काहीतरी खा.

मात्रा: तासाला ६० ग्रॅमपर्यंत साखर-पिष्ट बहुतेकांना पचतं, पण पोटाला त्याची सवय सरावातच लावावी लागते. २०० मिलिलिटर कोलात साधारण २१ ग्रॅम साखर. खजूर, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू चालतात, मात्र पहिल्या अर्ध्या शर्यतीत. पुढे कोरडं गिळवत नाही. गोडाचा वीट आला की तोंडात चिंचेची गोळी किंवा आवळा धरा, मळमळ बसते.

दुसरा, पाण्याचा, आणि याला दोन बाजू आहेत. कमी पडलं तर तहान लागते, तोंड सुकतं, ते कळतं. जास्त झालं तर ते कळत नाही आणि ते अधिक घातक. रक्तातलं सोडियम उतरतं. टिम नोक्स या दक्षिण आफ्रिकी डॉक्टरांनी १९८०च्या दशकात हे दाखवलं, तेही कॉम्रेड्ससारख्या शर्यती धावणाऱ्यांमधूनच. बोटं सुजून अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा रुतायला लागला, पोट डचमळतंय, डोकं ठणकतंय, तर पाणी बंद करून वैद्यकीय तंबू गाठा. एरवी तहानेप्रमाणे प्या. कॉम्रेड्सला पाणी प्लॅस्टिकच्या छोट्या पाउचमध्ये मिळतं. दाताने कोपरा फोडून धावत प्यायची सवय घरी करून जा. उरलेलं मानेवर ओता.

तिसरा, उन्हाचा. तिकडे हिवाळा असला तरी दुपार तापते. उन्हात अंगावर काटा येणं, थंडी वाजणं, पाय वाकडे पडणं ही धोक्याची खूण. सावली, अंगावर पाणी, आणि मदत मागणं.

चौथा, मांड्यांचा. दोन्ही पायांत पसरलेलं दुखणं चालेल. पावलं आखूड करा, उतारावर मागे झुकून ब्रेक लावू नका. पण एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल अशी कळ असेल आणि त्यामुळे चाल बदलली असेल, तर ते दुखणं थकव्याचं नव्हे. वेदनाशामक गोळी घेऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या अशा शर्यतीत मूत्रपिंडांवर येतात. आपल्याकडे कुणीतरी प्रेमाने हातावर गोळी ठेवतंच. नम्रपणे नाही म्हणा.

पाचवा उरतो मेंदूचा. खाल्लंय, प्यालोय, ऊन नाही, कुठे कळ नाही, तरी पाय उचलवत नाही. घर बदलून आलेल्या माणसाला हा लवकर येतो, कारण त्याचं डोकं दोन महिने आधीपासून दमलेलं असतं. जिद्द लावायची ती इथे.

रेटायचं ते असं

सुरुवातीपासून चाला. पाय ताजे असताना चढावर चालायला जीवावर येतं, सगळे पुढे जाताना दिसतात. पण काउइज हिलवर चालणारा पॉली शॉर्ट्सपर्यंत पोचतो. मी पहिल्या किलोमीटरपासून नऊ मिनिटं धाव, एक मिनिट चाल असं ठेवलं होतं, आणि मोठे चढ पूर्ण चालत.

कॉम्रेड्सच्या पाट्या झालेलं अंतर दाखवत नाहीत, उरलेलं दाखवतात. पहाटे अंधारात ८०ची पाटी दिसली की काळजात धस्स होतं. पहिले चाळीस किलोमीटर पाट्या वाचूच नका. टेकडी ते टेकडी जा.

अर्ध्या अंतरानंतर ‘बस’ धरा. तिथे ठरावीक वेळेत पोचवणाऱ्या माणसामागे धावणाऱ्या घोळक्याला बस म्हणतात. कधी चालायचं, कधी धावायचं हे तो पुढचा माणूस सांगतो, आपल्या शिणलेल्या डोक्याला ठरवावं लागत नाही. मेंदूच्या थकव्यावर याच्याइतकं गुणकारी औषध मला मिळालं नाही. मी बारा तासांच्या बसमध्ये तीन तास होते. बस गात होती. शब्द कळत नव्हते, पण ताल पावलाला बसत होता.

बस नसेल तर मोजा. विजेचे खांब: तीन धावत, एक चालत. शंभर पावलं मोजून पुन्हा एकपासून. हरिपाठ पाठ असेल तर तो म्हणा, माझ्या सोबतचा कोल्हापूरचा एक गृहस्थ तेच करत होता. मोजणं सुटलं तर खाण्याची वेळ झाली असं समजा.

कॉफीची सवय असेल तर ती शेवटच्या तिसऱ्या भागासाठी राखून ठेवा. घराविषयीचे विचार आले तर त्यांच्याशी भांडू नका. ‘जूननंतरच्या पानावर’ असं मोठ्याने म्हणायचं आणि पुढचा खांब पाहायचा. पॉली शॉर्ट्सच्या माथ्यावरून सातआठ किलोमीटर उरतात. तिथपर्यंत वेळेत पोचलात तर पुढचं अंतर चालतसुद्धा पुरं होण्याइतका हिशेब आधीच करून ठेवा, आणि तो आकडा मनगटावर लिहा.

थांबायचं ते कधी

छातीत दुखणं. गोंधळ उडणं, आपण कुठे आहोत ते न कळणं. पाण्याचा घोटही न टिकणारी उलटी. कोलाच्या रंगाची लघवी. यातलं एक जरी झालं तरी तिथेच थांबून मदत मागायची, दोन किलोमीटर उरलेले असले तरी. बारा तास झाल्याक्षणी तिथे शेवटची बंदूक झाडतात, आणि झाडणारा माणूस शेवटच्या रेषेकडे पाठ करून उभा असतो. चार पावलांनी चुकणारेही असतात. ते पुढच्या वर्षी परत येतात.

परत आल्यावर

दोन दिवस लघवीचा रंग पाहत राहा. तो गडद राहिला तर डॉक्टरकडे जा. विमानात दर तासाला उठून चाला. घरी पोचल्यावर दहा दिवस काहीही जड उचलू नका. मांड्यांचं दुखणं चौथ्या दिवशी संपतं, पण आतलं सगळं भरून यायला बराच वेळ लागतो, आणि नेमकं तेव्हाच उरलेले खोके समोर दिसत असतात. ते कोपऱ्यात सरकवून त्यांच्यावर चादर टाका. माझे भांड्यांचे तीन खोके जूनअखेरपर्यंत चादरीखाली होते. सासूबाईंच्या कढईवर आमचं छान भागलं.